सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नेमकं किती आणि वेळ किती धरायचा?

सुताची_गुंडी | ७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. २५ नोव्हेंबरला मी आणि आमचे हे, दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालोय. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला असतो. सुनेचे दिवस भरत आलेत, त्यामुळं मे महिन्यापर्यंत मुक्काम तिकडंच. तिकीट मुलानं काढून पाठवलंय, मुंबई–दुबई–सॅन फ्रान्सिस्को.

अंतर सांगणाऱ्या एका साइटवर सोलापूर आणि सॅन फ्रान्सिस्को टाकून बघितलं. उत्तर आलं १३,५७५ किमी आणि खाली लिहिलेलं, विमानाला सुमारे १५ तास. तिकिटावर मात्र मुंबई पहाटे ४:३० आणि सॅन फ्रान्सिस्को दुपारी १२:४०, दोन्ही २६ तारखेलाच. वजाबाकी केली तर ८ तास १० मिनिटं येतात. आणि मुलगा फोनवर म्हणतो, "आई, पावणेबावीस तास धर."

तीन उत्तरं आली, तिन्ही वेगळी. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, हिशोब जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. शिवाय ह्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे आणि गुडघेही दुखतात. डॉक्टरांना नेमके किती तास सांगायचे?

आणखी एक. त्या साइटच्या नकाशात रेघ सरळ वर रशियात चढते आणि मग खाली उतरते. मला वाटलं होतं दुबई, मग युरोप, मग अटलांटिक. हे काय गौडबंगाल आहे?

---

निवृत्त_भूगोल | ७ नोव्हेंबर, रात्री १०:२५

ताई, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, एवढंच.

१५ तास हा साधा भागाकार आहे. १३,५७५ ला ताशी ९०० नं भागलं की तेवढे येतात. त्यात दुबई नाही, वारा नाही, धावपट्टीवरची रांग नाही.

८ तास १० मिनिटं ही दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी आहे. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागं असतं. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात, तेव्हा हा फरक साडेबारा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. म्हणजे पाचच दिवसांपूर्वी त्यांनी काटे मागं घेतले आहेत. आता ८ तास १० मिनिटांत १३ तास ३० मिनिटं मिळवा. २१ तास ४० मिनिटं. चिरंजीवांचं उत्तर आलं.

डॉक्टरांना मात्र हेही सांगू नका. त्यांना सोलापूरच्या उंबऱ्यापासून फ्रीमाँटच्या उंबऱ्यापर्यंतचे तास सांगा. ते याच्या दुपटीहून जास्त निघतील.

रेघेचं मी सांगण्यापेक्षा तुम्हीच करून बघा. शाळेतला पृथ्वीगोल मिळेल का? ३० सेंटीमीटर व्यासाचा असतो तो. तुमच्या नावातच सूत आहे, तेव्हा धागा घरात असणारच. सोलापूरवर बोट दाबून धागा धरा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणा. जिथं तो आपसूक बसेल ती सर्वात जवळची वाट. मग फूटपट्टीवर मोजून इथं लिहा.

---

पूर्वभाग_सोलापूर | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मुंबईचं तिकीट निघालंय म्हणून ठीक. नाहीतर आमच्या पूर्व भागातले लै लोक हैदराबादवरूनच जातात. पाहुणे तिकडं, भाषा घरचीच, तेलुगू, सोलापूरहून रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या आसपास. विमानतळ शमशाबादला, म्हणजे शहरात शिरायची गरजच नाही. मुंबईला रेल्वेनं ४५५. पुढच्या वेळी विचार करा मालक.

---

होटगीरोडकर | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

ताई, आता आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरूनही विमान आहे. यंदा जूनमध्ये गोवा सुरू झालं, १५ ऑक्टोबरपासून मुंबई. इतकी वर्षं वाट बघितली, आता गच्चीवरून विमान उतरताना दिसतं तेव्हा घरातले सगळे वर पळतात. हवेतून मुंबई ३६० किलोमीटर भरते, तासाभराचं काम. वार बघून तिकीट काढा.

---

रात्रपाळी | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मी मूळचा सोलापुरातल्या बाळ्याचा, नोकरीला हैदराबादला. विमान कुठल्या वाटेनं न्यायचं, इंधन किती भरायचं हे ठरवणाऱ्या खात्यात आहे, त्याला डिस्पॅच म्हणतात. दोन गोष्टी लिहितो.

होटगी रोडच्या विमानाचा मलाही अभिमान आहे, पण ताईंनी ते या प्रवासाला घेऊ नये. सोलापूर–मुंबईचं तिकीट वेगळं आणि मुंबईपासून पुढचं वेगळं असेल, तर पहिलं विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तरी पुढची कंपनी थांबत नाही, पैसेही बुडतात. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असतील तर जबाबदारी त्यांची. दोन तिकिटं म्हणजे जबाबदारी तुमची. अशा वेळी मध्ये निदान अर्धा दिवस मोकळा हवा. माझ्या मामेभावाचं याच कारणानं पुढचं विमान गेलं होतं आणि त्यानं रात्र मुंबईत खुर्चीत काढली, म्हणून एवढं आग्रहानं सांगतोय.

दुसरं, तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून मागं ढकललं तेव्हापासून पलीकडं जाऊन उभं राहीपर्यंतची ती वेळ, ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणं आलं, उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागल्या तर तोही अंदाज आला. १५ तास ५० मिनिटं लिहिलेलं विमान हवेत सव्वापंधरा तास असू शकतं.

---

सुताची_गुंडी | ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

सर, गोल मिळाला! जुन्या शाळेत फोन केला, शिपायानं कपाटावरून काढून पुसून दिला. धागा ताणला. फूटपट्टीवर बरोबर ३२ सेंटीमीटर.

गोलाचा घेर काढला, ३० गुणिले ३.१४ म्हणजे ९४.२ सेंमी. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी. म्हणजे एका सेंटीमीटरला सुमारे ४२५ किमी. ३२ गुणिले ४२५, उत्तर १३,६००. साइटच्या आकड्यापेक्षा फक्त २५ नं जास्त! शिवणाच्या दोऱ्यानं! मी ह्यांना हाक मारून तीनदा मोजून दाखवलं.

आणि धागा गेला कुठून तर भोपाळच्या जवळून, उत्तराखंडच्या पूर्व टोकावरून, तिबेट, मंगोलियाचा पश्चिम कोपरा, सायबेरिया, मग वरचा बर्फाळ समुद्र, अलास्का आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली. युरोप नाही, अटलांटिक नाही. भिंतीवरच्या नकाशात हे कधीच दिसलं नव्हतं.

---

निवृत्त_भूगोल | ८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

शाब्बास ताई! हीच ती बृहत् वृत्ताची वाट. गोलाच्या केंद्रातून जाणारा काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ मिळतं ते बृहत् वृत्त, आणि दोन गावांमधलं सर्वात कमी अंतर त्याच्याच कंसावर असतं. साइट हाच कंस मोजते. सोलापूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात पृथ्वीच्या केंद्राशी १२२ अंशांचा कोन होतो, एका अंशाला १११ किमी, गुणा करा. शेवटच्या काही किलोमीटरचा फरक पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्यामुळं पडतो. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडची ६,३५७ किमी.

भिंतीवरच्या नकाशाचा दोष नाही. १५६९ मध्ये मर्केटरनं तो प्रकार खलाशांसाठी केला. होकायंत्राची दिशा न बदलता जायची वाट त्यावर सरळ रेघेत काढता येते. त्यासाठी त्याला वरचे आणि खालचे प्रदेश ताणावे लागले. म्हणून त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. मी पस्तीस वर्षं वर्गात गोल नेत होतो तो यासाठीच. हल्लीच्या वर्गात गोल दिसत नाही, पडद्यावर सपाट नकाशा असतो. मुलांच्या हातात धागा द्यायला हवा असं मला फार मनापासून वाटतं.

---

टॉवेलवाला | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

वाचून मजा येतेय. एक शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते. मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपोआप खाली यायला पाहिजे. निदान पश्चिमेकडं जाताना वेळ कमी लागायला पाहिजे. पण लंडनला माल दाखवायला जातो तेव्हा उलटं होतं. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना साडेआठ-नऊ. असं का?

---

निवृत्त_भूगोल | ९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते. तुम्ही, विमान, धावपट्टी, वरचं आभाळ, सगळं एकाच चाकावर बसलेलं आहे. चालत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर फेकला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही.

लंडनचा फरक वाऱ्याचा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं धावणारे जोराचे वारे असतात, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किमीच्या पुढंही जातो. परत येताना तोच वारा पाठीशी असतो. पुढचं रात्रपाळींनी सांगावं.

---

रात्रपाळी | १० नोव्हेंबर, पहाटे ३:२०

या एका गोष्टीवर आमचं सगळं काम चालतं. विमान किती किलोमीटर गेलं यापेक्षा ते किती हवेतून गेलं हे आम्ही मोजतो. ताशी ९०० नं जाणाऱ्या विमानाला समोरून १०० चा वारा असेल तर जमिनीवरून ते ८०० नंच सरकतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण याच सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट बाजूनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त. आणि पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर. पूर्वेकडं जाताना सगळा वारा पाठीशी. मी तेव्हा या कामात नवीन होतो, तो आकडा वहीत लिहून ठेवलाय.

आता ताईंचा धागा. त्या वाटेनं विमान का नेत नाहीत? पहिली अडचण तिबेट. सरासरी उंची साडेचार हजार मीटर. विमानात हवेचा दाब गेला तर आम्हाला ताबडतोब तीन हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडी मिनिटंच पुरतो. तिबेटवर तीन हजार मीटरला हवा नाही, डोंगर आहे. म्हणून त्या पठाराला बहुतेक विमानं वळसा घालतात.

दुसरी अडचण माणसांनी केलेली. २०२२ पासून अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या बऱ्याच देशांच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. यंदाच्या एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलंय. म्हणून दिल्लीहून अमेरिकेची काही विमानं आता वाटेत युरोपात इंधनासाठी उतरतात. साइटवरच्या १३,५७५ मध्ये यातलं काहीच नसतं.

---

टॉवेलवाला | १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आमच्याकडंही हेच. न्हावा-शेवाहून युरोपला जाणारे टॉवेलचे कंटेनर सुएझमधून जायचे. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली. दहा-पंधरा दिवस जास्त. गिऱ्हाईक विचारतं माल कुठाय, आम्ही म्हणायचं केप ऑफ गुड होपला. पृथ्वी तेवढीच आहे, वाट लांबली. वाऱ्याचं आता समजलं, आभार सर.

---

पूर्वभाग_सोलापूर | १० नोव्हेंबर, सकाळी १०:०५

लांबच्या वाटेवरून आठवलं. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तिथं माझी मुलगी शाळेच्या सहलीला गेली होती. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीनं निघाले आणि चीनमधल्या येनानला पोचायला फेब्रुवारी १९३९ उजाडला. वाटेत रुग्णसेवा करत गेले, ते वेगळं. ताई तुमचा धागा त्याच चीनच्या पश्चिम भागावरून चाललाय. बत्तीस सेंटीमीटरमध्ये किती माणसं राहून गेली असतील.

---

डॉ_अक्कलकोटरोड | १० नोव्हेंबर, रात्री ११:१०

सुताची_गुंडी ताई, काकांच्या इन्सुलिनबद्दल. डोस त्यांच्याच डॉक्टरांनी ठरवायचे, इथं कुणी आकडे सांगितले तर घेऊ नका. पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते.

पश्चिमेकडं जाताना तुमचा दिवस लांबतो. २६ तारीख तुमच्यासाठी २४ तासांची नाही, साडेसदतीस तासांची आहे. चोवीस तास चालणारं इन्सुलिन एकदा घेतलं की मध्ये जो साडेतेरा तासांचा जास्तीचा तुकडा येतो त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. म्हणून सरांचा सल्ला बरोबर आहे, घड्याळ सांगू नका, तास सांगा. कागदावर एक रेघ मारा, त्यावर घरून निघाल्यापासून तासांच्या खुणा करा, जेवणं कुठं मिळणार ते लिहा आणि तो कागद घेऊन जा.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवायचं. खाली सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट, इंग्रजीत. साखर मोजायचं यंत्र, ग्लुकोज बिस्किटं आणि थोडं खाणं जवळ.

सलग सोळा तास बसल्यानं पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. दर दीड-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या, बसल्या जागी घोटे फिरवणं, पाणी पीत राहणं. गुडघे दुखतात म्हणून काका उठायचा कंटाळा करतील. त्यांना उठवायचं काम तुमचं. बाहेरच्या बाजूची सीट मागून घ्या. आणि व्हीलचेअर आधीच नोंदवा, त्याचे पैसे लागत नाहीत. दुबईचा विमानतळ चालून पार करायचा म्हणजे परीक्षा आहे.

---

कॅलिफोर्नियातला_सोलापुरी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

काकू, फ्रीमाँटला आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, काळजी करू नका. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खुशाल आणा, पण खालच्या सामानात, नीट बांधून. फॉर्ममध्ये किंवा विचारल्यावर खाण्याचं सगळं सांगून टाकायचं. सांगितलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड होतो. ताजी फळं, बिया, रोपं, कढीपत्ता नको.

उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान मिळून दीड-दोन तास धरा. मुलाला बाराला बोलावू नका.

---

सुताची_गुंडी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरताई, रेघ मारली. वंदे भारतचं आरक्षण मिळालं, सकाळी सहाच्या सुमारास सुटते. कल्याणला उतरून ठाण्यात बहिणीकडं जाणार, दुपारभर विश्रांती, रात्री विमानतळ. सोलापूर–मुंबई विमानाचा मोह झाला होता, पण रात्रपाळींचं ऐकलं. ह्यांची सीट कडेची, माझी खिडकीची.

सर, आता दुबई–सॅन फ्रान्सिस्को धागा ताणला. तो तर जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जातो! असं कसं? सोलापूरचा तर अलास्काच्या बाजूनं गेला होता.

---

निवृत्त_भूगोल | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

दुबई आहे सुमारे ५५ अंश पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. बेरीज करा, १७७. अर्धं वर्तुळ १८० चं. म्हणजे दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, आणि अशा दोन गावांमधली जवळची वाट ध्रुवाला खेटूनच जाणार. अंतर १३,०४० किमी. मुंबई–दुबईचे १,९३० मिळवले की जवळपास १५,००० होतात. सोलापूरहून सरळ गेला असता त्यापेक्षा सुमारे चौदाशेनं जास्त, पण तिबेटचा प्रश्न आपोआप सुटला.

इराण, तुर्कमेनिस्तान, उरल पर्वत, नोवाया झेम्ल्या बेट, ध्रुव, मग कॅनडाची बेटं आणि खाली. प्रत्यक्ष वाट थोडी इकडं तिकडं होईल, पण ढोबळमानानं हीच.

ताई, तुम्हाला एक काम देऊ का? नोव्हेंबरच्या शेवटी ध्रुवावर सूर्य उगवतच नाही. तुम्ही दुबईहून सकाळी निघणार आणि दुपारी पोचणार, दोन्हीकडं उजेड. मधे काय होतं ते खिडकीतून बघा, वेळ लिहा आणि सूर्य कुठल्या बाजूला होता तेही लिहा. मी हे पस्तीस वर्षं शिकवलं, पाहिलं कधीच नाही.

---

रात्रपाळी | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

ध्रुवावरून नेताना आम्ही इंधनाचं तापमान बघतो. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं आणि तिथं वरची हवा कधीकधी त्याहून थंड असते. टाकीतलं तापमान घसरलं तर वैमानिक विमान खाली, कमी थंड हवेत आणतात किंवा वेग वाढवतात. सूर्यावर मोठं वादळ झालं असेल तर ध्रुवाकडची वाटच त्या दिवशी सोडतात, रेडिओ नीट चालत नाही. काळजीचं कारण नाही, हे रोजचं आहे.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी, सगळ्या महिला वैमानिक, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला ध्रुवाजवळूनच विमान घेऊन आल्या होत्या. सुमारे सतरा तास. आमच्या ऑफिसात त्या रात्री सगळे पडद्यापुढं उभे होते.

---

मेलबर्नची_लेक | १३ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

माझे आईबाबा पुढच्या महिन्यात येताहेत, ही चर्चा त्यांना पाठवली. आमच्याकडं घड्याळ पुढं पळतं, त्यामुळं तिकिटावर प्रवास आहे त्यापेक्षा लांब दिसतो आणि बाबा घाबरले होते. आता समजलं.

---

सुताची_गुंडी | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:२० (इथली रात्र, २९ तारीख)

पोचलो. उशीर झाला लिहायला, झोपेचं गणित आत्ता कुठं बसतंय. पहाटे तीनला दोघंही टक्क जागे असतो.

आधी हिशोब. घर सोडलं मंगळवारी पहाटे सव्वापाचला. फ्रीमाँटच्या दारात चप्पल काढली बुधवारी दुपारी तीनला, म्हणजे सोलापुरात गुरुवारी पहाटेचे साडेचार. एकूण ४७ तास १५ मिनिटं. त्यातलं विमानात मुंबई–दुबई ३ तास १५ आणि पुढं १५ तास ५०, मिळून १९ तास ५ मिनिटं. उरलेले अठ्ठावीस तास रेल्वे, बहिणीचं घर, रांगा, दुबईतले अडीच तास आणि मुलाची गाडी. दुबईत व्हीलचेअर होती म्हणून निभावलं. ह्यांची साखर वाटेत एकदा थोडी वाढली, बाकी ठीक. उठायचा कंटाळा केलाच, पण मी सोडलं नाही, नऊ वेळा उठवलं.

आता सर, तुमचं काम.

दुबईहून उडालो तेव्हा लख्ख ऊन. माझी खिडकी डावीकडची. साडेपाच तासांनी ऊन पिवळं झालं, मग लाल. उडाल्यापासून ५ तास ४० मिनिटांनी सूर्य माझ्या खिडकीतून, जरा मागच्या अंगाला, खाली गेला. माझ्या मनगटावर सोलापूरची वेळ होती, दुपारचे सव्वाचार. भर दुपारी सूर्य मावळला! त्यानंतर अंधार. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र ध्रुवाच्या खुणेजवळ आलं तेव्हा सगळे झोपलेले. मी ह्यांना उठवलं, दोघांनी खिडकीला कपाळ लावलं. खाली काही दिसत नव्हतं, वर चांदण्या मात्र इतक्या होत्या की लहानपणी गावाकडच्या माळावर झोपायचो ते आठवलं.

उडाल्यापासून ११ तास ४० मिनिटांनी परत क्षितिज तांबडं झालं आणि सूर्य उगवला. परत माझ्याच खिडकीतून! डावीकडूनच, पण या वेळी पुढच्या अंगाला. मावळलाही डावीकडं, उगवलाही डावीकडं. सहा तासांची रात्र. मी सीटवरून उठले नव्हते, खिडकी बदलली नव्हती. हे कसं झालं ते मला विमानातच सुचलं, पण तुमच्याकडून ऐकायचंय.

---

निवृत्त_भूगोल | ३० नोव्हेंबर, सकाळी ११:००

ताई, तुमची टिपणं मी दोनदा वाचली आणि पृथ्वीगोल मांडीवर घेऊन बसलो.

जाताना विमानाचं तोंड उत्तरेला, तेव्हा डावा हात पश्चिमेला. सूर्य पश्चिमेकडं झुकून मावळला, डावीकडं, मागं. ध्रुव ओलांडला. विमान वळलं नाही, सरळच गेलं, पण आता त्याचं तोंड दक्षिणेला झालं. दक्षिणेला तोंड केलं की डावा हात पूर्वेला. सूर्य उगवला तो डावीकडं, पुढं. ध्रुवावरून सरळ जाणाऱ्याचीच दिशा अशी वळल्याशिवाय बदलते. बरोबर ना, तुम्हालाही हेच सुचलं होतं?

मे महिन्यात परत याल तेव्हा त्या भागात सूर्य मावळतच नसतो. तुम्ही दुपारी निघालात तर दुबईपर्यंत रात्र लागणार नाही. तेव्हाही वेळा लिहाल का?

---

सुताची_गुंडी | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:१० (इथं रात्रीचे १०:४०)

अगदी हेच सुचलं होतं सर. परतीचं विमान इथून दुपारी पावणेचारचं आहे. मुलाला आत्ताच सांगितलं, डावीच खिडकी घे. आणि सून म्हणाली, बाळासाठी खोलीत एक पृथ्वीगोल आणूया.